ताप १००.८, रात्रीचे १०.४०: रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या चार वर्षांच्या मुलीचे प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि गाव वगळले आहे, काही तपशील बदलले आहेत. औषधांचे जे आकडे आले आहेत ते याच मुलीच्या वजन-उंचीवरून काढलेले होते. दुसऱ्या मुलासाठी ते उचलून वापरू नयेत.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसे. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि कापूस. हंगाम नसेल तेव्हा वडील तालुक्याला कृषी सेवा केंद्रात कामाला जातात. मोठा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. मुलगी चार वर्षांची, अंगणवाडीत जाणारी, वजन १५.२ किलो, उंची १०० सेंटिमीटर. आजी घरीच असते. गावापासून जिल्ह्याचे ठिकाण ३८ किलोमीटरवर, मुंबई रेल्वेने रात्रभरावर. पुढच्या अडीच वर्षांत जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन अंतरांपाशी येऊन थांबत होता.

निदान होईपर्यंत

जुलै २०२२ च्या मध्यापासून ताप येत-जात होता. मुलगी चार पावले चालली की "उचलून घे" म्हणायची, रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठायची. तीन आठवड्यांत दोन डॉक्टर झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. एकाने पायदुखीवर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि पुढचे चार दिवस मूल खरोखर खेळू लागले.

हा आराम फसवा असतो. स्टेरॉइड हे ल्युकेमियावरच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरच्या, उपचारांतलेच एक औषध आहे. निदानाआधी ते पोटात किंवा अंगात गेले की रोगट पेशी काही दिवस घटतात, निदान लांबते आणि आजार किती जोखमीचा आहे हे ठरवणेही कठीण होते. ताप, फिकेपणा, हाडे दुखणे आणि कुठे आपटले नसताना अंगावर उठणारे निळे डाग, यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर स्टेरॉइडच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि रक्ताची काच (रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला हवी. तपासणी काही शे रुपयांची आहे आणि तालुक्यात होते.

इथे गोष्ट आजीमुळे पुढे सरकली. इंजेक्शनच्या जागी मांडीवर लिंबाएवढी काळीनिळी गाठ आली होती. अंघोळ घालताना तिने ती पाहिली आणि "सुईनं एवढं होतं का कुठं?" म्हणत तिसऱ्या डॉक्टरकडे न्यायला लावले. तिथल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी ३८,०००, प्लेटलेट १४,०००, तिन्ही आकडे बिघडलेले. त्याच रात्रीच्या गाडीने सगळे मुंबईला निघाले.

मुंबईच्या कर्करोग रुग्णालयात अस्थिमज्जेच्या तपासणीतून अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी प्रकार, असे निदान झाले. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तो हाच. वय एक ते दहाच्या दरम्यान आणि पांढऱ्या पेशी ५०,००० च्या आत, या दोन्ही गोष्टी मुलीच्या बाजूने होत्या. योजना अशी: पहिले पाच आठवडे इंडक्शन, म्हणजे रोज स्टेरॉइड, आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन, सोबत अ‍ॅस्पॅरॅजिनेज आणि मणक्यातून मेथोट्रेक्सेट, त्यानंतर काही महिने जोरकस केमोथेरपी, मग सुमारे दोन वर्षे मुख्यतः गोळ्या.

पहिल्या आठवड्यातले तीन निर्णय

उपचार कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. मुंबईत कोण राहणार, कुठे राहणार आणि पैसा कुठून येणार हे कुटुंब ठरवते, आणि तेही अशा आठवड्यात जेव्हा कुणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो.

पैशाचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटला. केशरी शिधापत्रिका असल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार होते, पण शिधापत्रिकेवर मुलीचे नावच चढवलेले नव्हते. वडील नाव चढवायला गावी निघाले होते. रुग्णालयात योजनेचे काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने त्यांना थांबवून जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा मुलीचा फोटो जोडून प्रस्ताव पाठवला. तहसीलची फेरी त्या आठवड्यात झाली असती तर चार-पाच दिवस सहज गेले असते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी शिधापत्रिका आजच उघडून बघावी.

कोण राहणार? इंडक्शनमध्ये दोन मोठी माणसे लागतातच: एक मुलाजवळ, दुसरे रक्तपेढी, औषधे, रिपोर्ट आणि सही यांच्या मागे. आई आणि मामा राहतील, वडील सोयाबीन काढणीपर्यंत ये-जा करतील, मुलगा आजीपाशी राहील, असे ठरले. निर्णय योग्य होता. फक्त मामाची रजा १५ दिवसांची होती आणि सोळाव्या दिवशी त्याच्या जागी कोण, हे कुणी विचारले नाही.

कुठे राहणार, यावर मात्र गाडी घसरली. समाजसेविकेने तिसऱ्या दिवशीच रुग्णालयाजवळच्या मोफत निवासाचा अर्ज पुढे केला होता. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था २००६ पासून मुंबईत अशा कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत खोली देतात; प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीनेच मिळतो. पर्याय तीन होते: अशी खोली, रुग्णालयाजवळ भाड्याची खोली, किंवा कल्याणला आत्याचे घर. वडिलांनी अर्ज परत केला. "सख्खी बहीण कल्याणला असताना धर्मशाळेत राहायचं? लोक काय म्हणतील?"

आत्याने जीव लावला, यात शंका नाही. प्रश्न तिच्या मायेचा नव्हताच. कल्याणहून रुग्णालय लोकलने दीड तासावर, आणि मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद. दोन खोल्यांत सहा माणसे, त्यांतली दोन शाळकरी मुले, रोज कुणाला तरी सर्दी. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलासाठी या तिन्ही गोष्टी नडतात.

एकोणिसावा दिवस

नवव्या दिवशी वॉर्डमधून सुट्टी मिळाली. सोबत अकरा कागद. त्यांतल्या एका इंग्रजी पानावर ताप आल्यास काय करावे ते लिहिले होते. परिचारिकेने तोंडी सांगितलेही होते, पण त्याच दहा मिनिटांत औषधांच्या वेळा, मलावरोधाचे औषध, तोंडाची निगा आणि पुढच्या तारखाही सांगून झाल्या होत्या. आईच्या लक्षात राहिले ते एवढेच: "ताप आला तर या."

एकोणिसाव्या दिवशी रात्री १०.४० ला आईला मुलीचे कपाळ गरम लागले. काखेत थर्मामीटर लावला: १००.८. मामा रजा संपून दोन दिवसांपूर्वी गावी परतला होता. तिने गावी फोन लावला. "अहो, ताप आलाय हिला." वडील म्हणाले, जास्त नाही, क्रोसिन दे, सकाळच्या पहिल्या गाडीने जा. टॅक्सीला दीड-दोन हजार लागले असते आणि आईच्या हातात नऊशे रुपये होते. आत्याकडे मागायचे तर आधीच तिच्या घरात राहतो आहोत, हा संकोच. पॅरासिटामॉल दिले, तासाभरात ताप उतरला, मूल झोपले. सगळ्यांना हायसे वाटले.

या काही तासांत काय घडत होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन दिवसांपूर्वीच्या तपासणीत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ९० होत्या. ५०० च्या खाली गेल्या की आतड्यातलेच जंतू रक्तात शिरू शकतात. पू धरायला, लाली यायला, सूज यायलाही याच पेशी लागतात. त्या नसल्या की बाहेरून काहीच दिसत नाही, ताप ही एकच खूण उरते. त्यात मुलगी रोज स्टेरॉइडवर होती आणि स्टेरॉइड ताप दाबून ठेवते. म्हणजे या मुलीचा १००.८ हा 'जास्त नाही' असा ताप नव्हताच. पॅरासिटामॉलने तीही एकमेव खूण पुसली. जंतू वाढतच राहिले.

पहाटे अडीचला मुलीला थंडी वाजून कापरे भरले. हातपाय गार, हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडत होते. आत्याच्या यजमानांनी शेजाऱ्याची गाडी काढली. ४.१५ ला अपघात विभाग, ५.०५ ला अँटिबायोटिकचा पहिला डोस. पहिल्यांदा ताप मोजल्यापासून ६ तास २५ मिनिटे. तोवर रक्तदाब घसरला होता. सहा दिवस अतिदक्षता विभागात गेले. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू वाढला. मूल वाचले. केमोथेरपी आठ दिवस मागे पडली.

आई पुढे कितीतरी दिवस स्वतःला दोष देत राहिली. तो दोष तिचा नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. तिच्याजवळ थर्मामीटर होता आणि तिने तो वापरला. ताप मोजून तासाभरात निघण्याची मुभा, पैसे, गाडी आणि सोबतीचे माणूस यांपैकी एकही गोष्ट तिच्या हातात नव्हती.

त्यानंतर काय बदलले

अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर वडिलांनी स्वतः निवासाचा अर्ज मागितला. चौथ्या दिवशी रुग्णालयापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर खोली मिळाली. समाजसेविका आणि परिचारिका या दोघींनी आईबरोबर बसून एक ताप-कार्ड तयार केले, हाताने लिहून, मराठीत, मागच्या बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत. ते प्लॅस्टिकमध्ये घालून मुलीच्या फाइलला बांधले. त्यावर होते:

"काखेत १००.४ किंवा जास्त: लगेच निघा. ९९.५ ते १००.३: अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. थंडी वाजली, मूल मलूल झाले तर ताप नसला तरी निघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. दंडात-मांडीत इंजेक्शन नाही. गुदद्वारातून थर्मामीटर, औषध, एनिमा नाही."

मागच्या बाजूला निदान, वजन, कोणते अँटिबायोटिक किती मिलिग्रॅम शिरेतून, आणि "रिपोर्टची वाट न पाहता पोहोचल्यापासून ६० मिनिटांत पहिला डोस" ही ओळ. खाली रुग्णालयाचा चोवीस तासांचा फोन.

कार्डाइतकीच महत्त्वाची ठरली ती दाराच्या खुंटीवरची पिशवी: फाइल, चार्जर, उकळलेल्या पाण्याची बाटली, एक जोड कपडे आणि पाकिटात ३,००० रुपये, ज्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. आणि एक नियम वडिलांनीच केला: ताप आला तर आईने कुणालाही विचारायचे नाही. आधी निघायचे, रस्त्यातून फोन करायचा.

या काळातले बाकीचे त्रास ठरलेलेच होते. स्टेरॉइडने भूक इतकी वाढली की रात्री तीनला वरणभात लागे. आई कमी मिठाचे वरण झोपण्यापूर्वीच करून ठेवू लागली, आणि ते पुन्हा खदखदून उकळूनच देई. व्हिन्क्रिस्टिनने पोट बांधले जाई. लॅक्ट्युलोज हे मलावरोधाचे औषध शौचाला झाली तरी चालू ठेवायचे, हे दुसऱ्या खेपेला कळले. सुईच्या दिवशी सकाळी "आज सुई नाही" असे सांगून नेल्यामुळे मुलगी रुग्णालयाचे गेट दिसले की किंचाळू लागली होती. मग खरे सांगायचे ठरले: आज एक सुई आहे, तासभर आधी बधिर करणारे मलम लावू, तू मांडीवर बसशील, मी दहा आकडे मोजीन. तीन-चार खेपांत किंचाळणे थांबले. रडणे राहिले, ते राहणारच.

"आता बरी झाली ना?"

इंडक्शनच्या शेवटी अस्थिमज्जा तपासली. उरलेला आजार मोजणारी एमआरडी चाचणी ०.०१ टक्क्याच्या खाली, म्हणजे दहा हजार पेशींत एकही रोगट पेशी सापडली नाही. घरात पेढे वाटले गेले. आणि तिथेच दुसरा धोका उभा राहिला.

ऑक्टोबर लागला होता, सोयाबीन काढणीला आले होते, मुलगी हसत-खेळत होती. भावकीतल्यांनी सुचवले की आता पोरगी चांगली आहे, एवढी विषारी औषधे पुन्हा कशाला, उरलेले आयुर्वेदिक करू. वडिलांचाही कल तिकडे झुकू लागला. पर्याय तेव्हा असे दिसत होते: सगळे थांबवणे, हंगाम उरकून दोन महिन्यांनी परत येणे, किंवा आई-मुलीने मुंबईत राहून वडिलांनी एकट्याने हंगाम काढणे. दुसरा पर्याय सर्वांत समंजस वाटत होता, आणि म्हणूनच तो सर्वांत धोक्याचा होता. दोन महिन्यांच्या खंडात उरलेल्या पेशी वाढतात आणि औषधाला दाद न देणाऱ्या त्यांतल्याच पुढे येतात. परत उलटलेला ल्युकेमिया पहिल्यासारखा आटोक्यात येत नाही.

डॉक्टरांनी हे सांगितलेच होते. वडिलांना पटले ते समाजसेविकेच्या एका प्रश्नाने: "शेतात हरळी वरून खुरपली तर रान स्वच्छ दिसतं, मग तुम्ही तिथेच थांबता का?" निदानाच्या वेळी अशा पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात, चाचणी दहा हजारांत एक शोधते, म्हणजे 'काही सापडले नाही' याही अवस्थेत काही कोटी उरलेल्या असू शकतात. मुळी काढायला अडीच वर्षे लागतात.

तिसरा पर्याय निवडला. चुलत्याने काढणीला हात दिला. रेल्वेच्या सवलतीचे प्रमाणपत्रही तेव्हाच हातात आले: कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडे माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. आधीच्या फेऱ्या पूर्ण भाड्याने झाल्या होत्या.

गावाकडची दोन वर्षे

२०२३ च्या एप्रिलपासून गोळ्यांचा टप्पा सुरू झाला आणि कुटुंब गावी परतले. रोज रात्री ६-मर्कॅप्टोप्युरिन ५० मिलिग्रॅमची गोळी: आठवड्यातले चार दिवस एक, तीन दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, २.५ मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या. दोन्ही पिवळट. मेथोट्रेक्सेट चुकून रोज गेले तर जीवावर बेतते. म्हणून दिनदर्शिकेवर प्रत्येक बुधवारी लाल ठिपका, आणि गोळी देणारे माणूस एकच: आई. ती गरोदर असती तर हे काम तिच्याकडे दिलेच नसते. या गोळ्या तोडताना हातमोजे घालायचे असतात.

तरी एक चूक दारापर्यंत आली. तिसऱ्या महिन्यात साठा दोन दिवस आधीच संपला आणि वडिलांनी तालुक्यातून मेथोट्रेक्सेटचे पाकीट आणले. नाव तेच, गोळी १० मिलिग्रॅमची. पाच गोळ्या म्हणजे १२.५ च्या जागी ५०, चौपट. आईला गोळीचा आकार वेगळा वाटला. तिने पाकिटाचा फोटो परिचारिकेला पाठवला आणि उत्तर येईपर्यंत गोळी दिली नाही. त्यानंतर नियम झाला की औषध रुग्णालयातूनच आणायचे, पुढच्या तारखेपेक्षा एक आठवडा जास्तीचे.

गावी परतण्याआधी वडील एक काम करून आले होते, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका बालरोग रुग्णालयात जाऊन त्यांनी कार्ड दाखवले, हे अँटिबायोटिक तुमच्याकडे रात्री असते का असे विचारले, आणि तिथल्या डॉक्टरांचे मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून दिले. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी हो म्हणाले.

जुलै २०२३. रात्री ८.५० ला ताप १०१.२. शेजारच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलेले होते. पिशवी उचलली, ९.५० ला रुग्णालय, १०.१५ ला अँटिबायोटिक. न्यूट्रोफिल ३१० निघाले, म्हणजे धोका खराच होता. पाच दिवस भरती राहून मुलगी घरी आली. अतिदक्षता विभागाची गरज लागली नाही.

पुढच्या मार्चमध्ये मोठ्या मुलाला कांजिण्या आल्या. बहिणीला त्याची लागण झाली तर जिवाशी गाठ. प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो ९६ तासांच्या आत द्यायचे असते. फोन त्याच दिवशी गेला आणि ते वेळेत मिळाले. मुलगा तीन आठवडे मामाकडे राहिला. जाताना त्याने विचारले, "माझ्यामुळे ती मरेल का?" दीड वर्षात त्याला आजाराचे नाव कुणीच सांगितलेले नव्हते.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२५ मध्ये उपचार पूर्ण झाले. मुलगी आता शाळेत जाते, पळते. उजवा पाय थोडा घासतो, त्यासाठी व्यायाम चालू आहेत. आजार परतलेला नाही. पहिल्या काही वर्षांत तो परतण्याची शक्यता जास्त, म्हणून रक्ततपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. थांबलेल्या लसी डॉक्टरांच्या वेळापत्रकाने पुन्हा सुरू झाल्या. औषधांचा मोठा खर्च योजनेतून झाला. प्रवास, खाणे आणि बुडालेली मजुरी यांपायी कुटुंबावर झालेले कर्ज अजून फिटायचे आहे.

काय वेगळे करता आले असते

निवासाचा अर्ज 'गरजूंसाठी मदत' म्हणून पुढे केला, तो उपचाराचा भाग म्हणून करायला हवा होता: "रात्री ताप आला तर एका तासात पोहोचता येईल अशी जागा लागते, कल्याणहून ते होणार नाही." या शब्दांत सांगितले असते तर वडिलांचा मानापमान आड येण्याचे कारणच उरले नसते.

तापाची माहिती सुट्टीच्या घाईत देऊन भागत नाही. ती वेगळ्या दिवशी, मराठीत द्यावी आणि शेवटी आईकडून वदवून घ्यावी: रात्रीचे अकरा वाजलेत, ताप १००.८ आहे, सांगा, आता काय कराल? पैसे कुठून? गाडी कोणाची? ती अडखळेल तिथे योजना अपुरी आहे असे समजावे. आणि हे विचारताना घरात निर्णय घेणारे माणूस समोर बसलेले असावे. इथे ते त्या दिवशी परभणीच्या गाडीत होते.

मामाच्या जागी कोण, हे पहिल्या दिवशी कागदावर तारखांसकट लिहायला हवे होते. आणि मोठ्या मुलाला आजाराचे नाव, तो त्याच्यामुळे झालेला नाही आणि कुणाला लागत नाही, या तीन गोष्टी पहिल्या महिन्यातच सांगायला हव्या होत्या. आठ वर्षांच्या मुलाला त्या कळतात.